आधी जोडवं काढा

भरलेल्या घरगुती गॅस सिलिंडरचं वजन सुमारे ३० किलो असतं. तो कडेवर तिरका करून गोल फिरवत स्वयंपाकघरात नेताना हातातून सुटतो आणि अनवाणी पायाच्या बोटांवर बसतो. मग घरात धावपळ उडते. कुणी हळदीचा डबा आणतं, कुणी तेल कोमट करून चोळायला बसतं, आणि एखादे काका ‘सांधा निखळलाय, थांब जरा’ म्हणत बोट धरून ओढतात. यातल्या एकाचीही गरज नसते. जे ताबडतोब करायला हवं ते मात्र सहसा राहून जातं, ते म्हणजे बाईच्या पायात जोडवं असेल तर ते काढणं.

मार लागलेलं बोट पहिल्या तासाभरातच सुजायला लागतं. जोडवं धातूचं, ते काही सैल होत नाही. त्यामुळे आधी बोटातून परतणारं रक्त अडतं, त्याने सूज आणखी वाढते आणि शेवटी बोटाच्या टोकाला रक्त पोचणंच थांबू शकतं. मार अंगठ्याला लागला असला तरी शेजारच्या बोटातलं जोडवं काढा, कारण सूज शेजारी पसरते. सौभाग्याचं लेणं काढायला मन धजत नाही हे समजण्यासारखं आहे. पण सूज उतरल्यावर ते पुन्हा घालता येतं.

बरीचशी जोडवी खालच्या बाजूने फटीची असतात, ती दोन्ही हातांनी हळूच फाकवली की निघतात. बंद वेढ्याचं असेल तर पाय उंच धरून पाच मिनिटं थांबा, साबणाचं पाणी किंवा खोबरेल तेल लावा आणि गोल फिरवत पुढे आणा. तरीही अडलं तर दोऱ्याची युक्ती आहे. शिवणाचा जाड दोरा घ्या. त्याचं एक टोक जोडव्याखालून पावलाच्या बाजूला काढून ठेवा. उरलेला लांब दोरा जोडव्याच्या पुढच्या कडेपासून नखाच्या दिशेने, वेढ्याला वेढा चिकटवून, सांधा ओलांडेपर्यंत घट्ट गुंडाळा. आता पावलाकडचं टोक धरा आणि नखाच्या दिशेने ओढत दोरा उलगडत या. वेढे सुटत जातात तसं जोडवं दबलेल्या बोटावरून पुढे सरकतं. बोट वाकडं झालं असेल किंवा त्यावर जखम असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. सोनाराकडे किंवा दवाखान्यात ते कापून काढतात. चांदीच्या तुकड्याचा मोह त्या वेळी धरू नये.

जोडव्याचा प्रश्न मिटला की पाय उशीवर ठेवा, छातीपेक्षा उंच. बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा आणि पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावत राहा. बर्फ उघडा कातडीवर ठेवायचा नाही. गरम पाण्याचा शेक, पोटीस, तेलाने चोळणं या सगळ्याला पहिले ४८ तास सुट्टी. ताज्या मारावर शेक दिला की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, आणि चोळण्याने फुटलेलं हाड हलतं. आपल्याकडे ‘मुका मार आहे, शेकून काढ’ हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की ऐकणाऱ्याला बर्फ मागायची लाज वाटते. लाजू नका.

मोडलंय की नुसतं ठेचलंय?

प्रत्येक पायाच्या पाच बोटांत मिळून १४ हाडं असतात. अंगठ्यात दोन आणि बाकी चार बोटांत तीन-तीन. करंगळीची हाडं तर शेंगदाण्याएवढी असतात आणि पलंगाच्या पायाला आपटल्यावर ती मोडणं अजिबात दुर्मीळ नाही. ‘बोट हलवता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे’ ही समजूत मात्र सोडून द्यावी. मोडलेलं बोटही हलतं.

घरी एवढं बघता येतं. बोटाचं टोक हलक्या हाताने टाचेच्या दिशेने दाबा. मधेच एका ठरावीक जागी कळ आली तर हाडाला इजा झाल्याचा संशय घ्यावा. सगळीकडे सारखंच ठणकत असेल तर बहुधा मुका मार आहे. दोन-तीन दिवसांत दुखणं स्पष्टपणे उतरायला लागलं तर काळजीचं कारण नाही. आठवडा झाला, तरी चप्पल घालवत नाही, निळसरपणा पावलावर पसरलाय, तर एक्स-रे काढा.

खरं सांगायचं तर दुसऱ्या बोटापासून करंगळीपर्यंतचं बोट सरळ असेल, जखम नसेल आणि पाय निरोगी असेल, तर एक्स-रेमध्ये बारीक तडा दिसला काय किंवा न दिसला काय, उपचार बहुधा तोच राहतो. प्लास्टर घालत नाहीत. दुखऱ्या बोटाला शेजारच्या चांगल्या बोटाचा आधार देऊन दोन्ही एकत्र बांधतात. करंगळी असेल तर चौथ्या बोटाला, दुसरं असेल तर तिसऱ्याला.

हे बांधणं सोपं आहे, पण निम्मी माणसं ते चुकीचं बांधतात. पाय धुऊन नीट कोरडा करा, बोटांच्या फटीतलं पाणीसुद्धा टिपा. दोन बोटांच्या मध्ये गॉजची घडी किंवा कापसाची पातळ पट्टी ठेवा. ती नसेल तर घामाने कातडी पांढरी पडून सोलते आणि हाडाच्या दुखण्यावर जखमेचं दुखणं चढतं. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन अरुंद वेढे द्या, एक बोटांच्या बुंध्याशी, दुसरा मधल्या सांध्याच्या पुढे. सांधा आणि नख उघडं ठेवा. बांधून झाल्यावर नख दाबून सोडा. ते पांढरं होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही, किंवा बोटाला मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट आहे, सोडून पुन्हा बांधा. मधली घडी रोज बदला. पावसाळ्यात पट्टी भिजली की लगेच. साधारण तीन-चार आठवडे हे करावं लागतं आणि हाड जुळायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात सहज न वाकणाऱ्या जाड तळव्याची, पुढून मोकळी चप्पल घाला. मऊ स्लिपर आरामशीर वाटते, पण प्रत्येक पावलाला ती बोटाबरोबर वाकते आणि मोडलेल्या जागी हालचाल होत राहते.

अंगठ्याला हा नियम लागू नाही. पाऊल उचलताना शरीराचा भार शेवटी अंगठ्यावर येतो, त्यामुळे त्याचं हाड जरा जरी वाकडं जुळलं तरी चाल बिघडते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. अंगठा मोडल्याचा संशय आला तर घरी पट्ट्या मारत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कुठलंही बोट उघड वाकडं किंवा फिरलेलं दिसत असेल, निळं-पांढरं वा बधिर पडलं असेल, हाड बाहेर दिसत असेल, किंवा दहा मिनिटं सलग दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोट ओढून बसवणाऱ्या हाडवैद्याकडे तर मुळीच नको. आतली शीर किंवा मज्जातंतू चिमटला गेला तर त्याला ते कळायला मार्ग नसतो.

बोटाचा तुकडाच तुटला, उसाच्या कोयत्याने किंवा कडबाकुट्टीत, तर तो स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो निकामी होतो. जखमेवर दाब धरून १०८ ला फोन करा.

खेळाडूंसाठी एक वेगळी गोष्ट. कबड्डीत मॅटवर पाय रोवून मागे रेटताना, किंवा टर्फवर फुटबॉल खेळताना, अंगठा वरच्या दिशेने जास्त वाकतो आणि त्याच्या बुंध्याखालचे अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. १९७६ साली अमेरिकेत कृत्रिम गवतावर खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये या दुखापतीचं वर्णन झालं आणि तिला ‘टर्फ टो’ हे नाव मिळालं. एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून प्रशिक्षक ‘खेळ रे’ म्हणतात. पण उडी मारताना, धावण्याची सुरुवात करताना अंगठ्याच्या बुंध्याशी कळ येत असेल तर काही आठवडे मैदानाबाहेर बसण्याला पर्याय नाही.

आणि मार लागल्याचं आठवतच नसताना रात्रीत अंगठ्याचा बुंधा लालबुंद झाला, चादरीचा स्पर्श सहन होईना, तर तो गाऊट असू शकतो. तिथे पट्टी कामाची नाही, डॉक्टर हवेत.

नख काळं पडलं की

जड वस्तू पडली किंवा बोट चेंगरलं की नखाखाली रक्त साकळतं. नख वर उचलता येत नाही आणि खाली हाड असतं, मधे अडकलेल्या रक्ताचा दाब इतका असतो की रात्रभर झोप लागत नाही. डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते रक्त काढतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि आराम लगेच पडतो. पण याचा उपयोग पहिल्या २४ ते ४८ तासांतच. नंतर रक्त गोठतं. तापवलेली सुई किंवा स्टेपलरची पिन नखात घुसवण्याचे धडे ट्रेकर मंडळी एकमेकांना देतात, ते घेऊ नका. खाली हाडाला तडा गेलेला असेल तर त्या भोकातून जंतू थेट हाडापर्यंत पोचतात.

नख काळं आहे पण दुखत नाही, तर हात लावू नका. अर्धवट सुटलेलं नखही उपटायचं नाही. खालच्या नाजूक कातडीवर त्याच्याइतकं चांगलं झाकण दुसरं मिळत नाही. अडकणारा सुटा भाग तेवढा कापा आणि बाकीचं पट्टीने जागच्या जागी धरून ठेवा. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला १२ ते १८ महिने लागतात. धीर धरावा लागतो. नख वाढतं तसा काळा डाग टोकाकडे सरकायला हवा. मार न लागता आलेली, एकाच जागी राहणारी किंवा रुंद होत जाणारी काळी रेघ मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित ती नखाखालच्या कर्करोगाची खूण असते.

लहान मुलांच्या बाबतीत एक सूचना ठळक लक्षात ठेवा. मूल अनवाणी पळताना अंगठा दगडावर किंवा उंबरठ्यावर आपटला आणि नखाच्या मुळाशी रक्त आलं, तर त्याला नुसती ठेच समजू नका. मुलांच्या हाडाची वाढ जिथून होते तो भाग अगदी नखाच्या मुळाखाली असतो. तिथे हाड फुटलं की नखाजवळच्या चिरेतून ते बाहेरच्या जगाला उघडं पडतं, आणि वेळेत साफसफाई आणि प्रतिजैविकं मिळाली नाहीत तर हाडात पू होऊन वाढच थांबू शकते. अशा वेळी एक्स-रे काढायलाच हवा. सायकलच्या चाकात पाय गेलेल्या मुलालाही त्याच दिवशी दाखवा. पहिल्या दिवशी बरी दिसणारी कातडी दोन-तीन दिवसांनी काळी पडते.

नख मांसात रुतणं हा बराचसा आपणच ओढवून घेतलेला प्रकार. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करत आत कोरू नका आणि फार आखूड घेऊ नका. कोपरा नुकताच दुखायला लागला असेल तर कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं पाय ठेवा, नंतर कोरडा करा आणि आठवडाभर बंद बूट टाळा. पू आला, कडेला लाल मांस वाढलं, तर डॉक्टर बोट बधिर करून नखाची तेवढी कड काढतात. पार्लरमध्ये ‘कोपरे साफ’ करून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे, अनेकदा तिथूनच सुरुवात होते.

जखम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

बोटाला जखम असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवा. माती, शेण, गवताची कुसळं निघायलाच हवीत. त्यावर व्हॅसलीनचा थर, वर गॉज, वर पट्टी. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे धागे चिकटतात. जखमेत काही भरायचं नाही. हळद, कॉफी पावडर, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांनी रक्त थांबल्यासारखं दिसतं, पण जखम झाकली जाते आणि टाके घालताना डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. बाभळीचा काटा आत मोडला असेल तर सुईने खोल कोरत बसू नका. राहिलेलं टोक महिनोन्‌महिने सलतं, त्याभोवती गाठ होते आणि पुढे लोक तिला कुरूप समजून पट्ट्या लावत बसतात.

धनुर्वाताच्या बाबतीत दोन टोकांची माणसं भेटतात. एक जण दर सहा महिन्यांनी ‘टीटी’ घेतो, दुसऱ्याने शाळेनंतर घेतलेलंच नाही. लहानपणापासूनची लस पूर्ण झालेली असेल तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षं झाली असतील तरच नवा डोस लागतो. माती-शेणाने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी ही मुदत पाच वर्षांची. लस कधी घेतली हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कधी कधी लसीबरोबर वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. आता टीटीच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘टीडी’ मिळतं, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

पायात काय घालता?

बोटांच्या दुखापती टाळायच्या तर सर्वांत आधी दुचाकीवरची चप्पल सोडा. हेल्मेटवरून वाद घालणारे आपण, स्लिपर घालून गिअर टाकतो आणि सिग्नलला पाय घासत गाडी थांबवतो. बाजूने जाणारी रिक्षा, उंच दुभाजक, मागे सरकलेला स्टँड यांपैकी काहीही बोट ठेचायला पुरतं. पुढून बंद बूट हवेत. शेतात कुदळ, खुरपं चालवताना, सिलिंडर किंवा कपाट हलवतानाही तेच.

बूट घ्यायचे ते संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून फुगलेले असताना. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे ना ते बघा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्यावं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची नखं चढताना नाही, उतरताना जातात. कळसूबाईवरून, राजगडावरून उतरताना पाय बुटात पुढे घसरतो आणि हजारो वेळा बोटं टोकाला आपटतात. निघण्याच्या दोन दिवस आधी नखं कापा. माथ्यावर बसून नाडी पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट आणि बोटांकडे सैल, म्हणजे टाच मागे रोवलेली राहते. मॅरेथॉनसाठी पळणाऱ्यांनाही हेच लागू.

आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. वारीला जाणाऱ्यांनी नवी चप्पल घालून निघू नये, महिनाभर वापरून पायाला सरावलेली हवी. फोड आला तर त्याची कातडी सोलू नका, गॉजने झाकून ठेवा. आणि आषाढाच्या पावसात मुक्कामावर पोचलं की पहिलं काम म्हणजे बोटांच्या फटी कोरड्या करणं. चिखल्या झालेल्या फटीतून जंतू आत शिरले की पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो आणि ताप येतो. भाताच्या खाचरात दिवस दिवस उभं राहणाऱ्यांनी तर हे रोजच करावं.

घरात फार खर्च नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर रात्रीचा बारीक दिवा लावा. पाट, चौरंग, चार्जरची वायर यांची वाटेतली जागा बदला.

मधुमेह असेल तर

वर जे घरगुती उपचार सांगितले ते पायाची जाणीव शाबूत असलेल्या माणसासाठी आहेत. मधुमेह जुना असेल तर पायाची संवेदना हळूहळू जाते आणि रक्तपुरवठाही कमी होतो. चपलेत खडा असतो, दिवसभर कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून माणूस घरी येतो आणि संध्याकाळी बोटांखाली फोड दिसतो. अशा पायावर बर्फ नको, गरम पाण्याची पिशवी नको, बोटं एकमेकांना बांधणं नको, आणि कुरुपावरची औषधी पट्टीही नको, तिच्यातलं आम्ल चांगली कातडी जाळतं. छोटीशी जखम असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरातसुद्धा चप्पल घाला. मऊ तळाची एम.सी.आर. चप्पल मधुमेहींसाठीच्या दुकानांत मिळते. पायात घालण्याआधी चपलेत, बुटात हात फिरवून बघा.

रोज रात्री बोटांच्या फटींसकट पाय तपासायचे, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. घरात मधुमेह असलेलं वयस्कर माणूस असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवू नका. त्यांना वाकता येत नाही, नीट दिसत नाही, आणि दुखतच नसल्यामुळे ते आपणहून काही सांगणारही नाहीत. त्यांचे पाय रोज तुम्हीच बघा.